पेटीतला छोटा मल्टिमीटर : निवडताना काय पाहावे?

विजेची मोजमापे करायची तर एकेकाळी तीन निरनिराळी उपकरणे सोबत न्यावी लागत. विभवांतरासाठी व्होल्टमीटर, प्रवाहासाठी अँमीटर आणि रोधासाठी ओहममीटर. ब्रिटिश पोस्ट खात्यातील डोनाल्ड मॅकाडी या अभियंत्याला हे ओझे नकोसे झाले. त्याने तिन्ही कामे करणारे एकच उपकरण तयार केले आणि १९२३ साली ते 'अ‍ॅव्होमीटर' या नावाने विक्रीस आले. अँपिअर, व्होल्ट आणि ओहम यांच्या आद्याक्षरांवरून हे नाव पडले. आज आपण ज्याला मल्टिमीटर म्हणतो त्याचा हा पूर्वज. तो चांगलाच वजनदार होता. आजचा डिजिटल मल्टिमीटर सदऱ्याच्या खिशात मावतो आणि बाजारात दोन-तीनशे रुपयांपासून मिळतो.

शाळेच्या किंवा घरच्या छोट्या हत्यारपेटीत, म्हणजे पकड, दोन-तीन स्क्रू-ड्रायव्हर, इन्सुलेशन टेप, सोल्डरिंग आयर्न यांच्या शेजारी, ठेवण्यासाठी कोणता मीटर घ्यावा, हा प्रश्न शिक्षकांना नेहमी पडतो. दुकानात गेलो की वीसेक प्रकार समोर मांडले जातात आणि खोक्यावर जेवढ्या सोयी अधिक छापलेल्या तेवढा मीटर चांगला, अशी आपली सहज समजूत होते. आमचे मत थोडे वेगळे आहे. मीटर काय काय मोजतो याआधी, चुकीच्या ठिकाणी लावला गेला तर त्याच्या आत काय घडेल, हे पाहायला हवे. आपल्या पेटीतला मीटर विद्यार्थी हाताळणार आहेत. शिवाय गावात विज्ञानशिक्षकाला 'सर, जरा आमच्या पंपाचा स्टार्टर बघा ना' असे आमंत्रणही केव्हा ना केव्हा येतेच.

हे समजण्यासाठी मीटर मोजतो कसे ते आधी पाहू.

नळ आणि हौद

साध्या डिजिटल मीटरचे हृदय म्हणजे एक इंटिग्रेटेड सर्किट. १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात इंटरसिल या अमेरिकन कंपनीने '७१०६' या क्रमांकाचे सर्किट बाजारात आणले. डीटी-८३० या नावाने ओळखल्या जाणाऱ्या स्वस्त मीटरांमध्ये आजही त्याच घराण्यातली चिप असते. पाठीमागचे झाकण उघडले की पट्टीवर काळ्या लाखेचा एक थेंब दिसतो, त्याच्या खाली ती दडलेली असते.

तिची मोजण्याची युक्ती वर्गात सांगण्याजोगी आहे. एका रिकाम्या हौदात अज्ञात धारेचा नळ बरोबर १००० सेकंद सोडा. मग तो बंद करा आणि ज्याची धार आपल्याला ठाऊक आहे अशा दुसऱ्या नळाने हौद रिकामा करा. रिकामा व्हायला किती सेकंद लागले ते मोजा. ५०० सेकंद लागले तर अज्ञात धार ज्ञात धारेच्या निम्मी होती, १५०० लागले तर दीडपट. हौदाचा आकार केवढा, हे माहीत असण्याची गरजच नाही! मीटरमध्ये हौदाच्या जागी एक कपॅसिटर असतो, अज्ञात नळाच्या जागी मोजायचे विभवांतर आणि ज्ञात नळाच्या जागी चिपला पुरवलेले १०० मिलिव्होल्टचे प्रमाण विभवांतर. सेकंदांऐवजी घड्याळाचे ठोके मोजले जातात. ठोक्यांची गणती १९९९ पर्यंतच जाते, म्हणून मूळ पट्टा १९९.९ मिलिव्होल्टपर्यंतचा. दुकानदार 'साडेतीन अंकी' म्हणतात तो हाच मीटर. पहिला अंक फक्त शून्य किंवा एक होऊ शकतो, म्हणून तो 'अर्धा'.

या युक्तीत आणखी एक गंमत आहे. हौद भरण्याचा काळ एक दशांश सेकंद ठेवला तर त्यात घरगुती विजेची बरोबर पाच आवर्तने बसतात. आजूबाजूच्या तारांमुळे मोजमापात शिरलेली ५० हर्ट्झची कुरकुर जेवढी वर जाते तेवढीच खाली येते आणि बेरीज शून्य होते. म्हणून डिजिटल मीटरचे आकडे स्थिर राहतात. मात्र मोजायला वेळ लागतो, सेकंदाला दोन-तीन वाचने, त्याहून जास्त नाहीत. लंबक हलताना चुंबकाभोवतीच्या गुंडाळीत निर्माण होणारी चढउतार पाहायची असेल तर जुना काट्याचा मीटरच बरा. तो टाकून देऊ नका.

म्हणजे मीटरला मुळात मोजता येते ते एकच, २०० मिलिव्होल्टपर्यंतचे विभवांतर. बाकी सारे त्याचे भाषांतर. जास्त व्होल्टेज मोजायचे तर रोधांच्या साखळीने त्याचा दहावा, शंभरावा किंवा हजारावा भाग काढून चिपला द्यायचा. प्रवाह मोजायचा तर तो एका लहान ज्ञात रोधातून न्यायचा आणि त्या रोधाच्या टोकांमधले विभवांतर मोजायचे. हा दुसरा मुद्दा पुढे फार महत्त्वाचा ठरणार आहे.

आकडे किती खरे?

मीटरवर १.५०० असे चार अंक दिसले की विद्यार्थी ते चारही अंक वहीत उतरवतात. माहितीपत्रकात मात्र अचूकता '± (०.५ टक्के + २ अंक)' अशी दिलेली असते. तिचा अर्थ असा : दाखवलेल्या आकड्याच्या अर्धा टक्का, आणि त्याशिवाय शेवटच्या स्थानी दोन. टॉर्चचा घट २ व्होल्टच्या पट्ट्यावर मोजला आणि १.५०० दिसले, तर चूक ०.००७५ अधिक ०.००२, म्हणजे सुमारे एक शतांश व्होल्ट. तोच घट २०० व्होल्टच्या पट्ट्यावर मोजला तर पडद्यावर १.५ दिसेल आणि 'दोन अंक' म्हणजे ०.२ व्होल्ट होतील. घट ताजा की उतरलेला, हे त्यावरून सांगताच येणार नाही. मीटर तोच, घट तोच, फक्त बटण दुसरीकडे.

यावरून एक सवाल उपस्थित होतो. पट्टा आपोआप निवडणारा 'ऑटोरेंज' मीटर घ्यावा की बटण फिरवून निवडायचा? दुरुस्तीच्या पेटीसाठी ऑटोरेंज सोयीचा आहे. विद्यार्थ्यांच्या हाती देण्यासाठी आम्ही हाताने पट्टा निवडायचा मीटर पसंत करू. उत्तर साधारण किती येईल याचा अंदाज केल्याशिवाय त्यात मोजताच येत नाही आणि असा अंदाज करणे हा प्रयोगाचा अर्धा भाग आहे.

आता मीटरच्या स्वतःच्या रोधाकडे वळू. व्होल्टेज मोजताना मीटर परिपथाला समांतर जोडतो, तेव्हा त्याचा रोध शक्य तितका मोठा हवा. चांगल्या डिजिटल मीटरचा हा रोध १० मेगओहम असतो. स्वस्तातल्या ८३० प्रकारात तो पुष्कळदा फक्त १ मेगओहम असतो. फरक पाहायचा तर १ मेगओहमचे दोन रोध एकसरीत जोडून त्यांना ९ व्होल्टची बॅटरी लावा. प्रत्येकावर ४.५ व्होल्ट पडायला हवेत. १० मेगओहमचा मीटर एका रोधावर लावला की ४.२९ दाखवतो. १ मेगओहमचा मीटर ३.० दाखवतो! तो खोटे बोलत नाही. त्याला जोडल्यामुळे त्या दोन बिंदूंमध्ये खरोखरच तीन व्होल्ट झालेले असतात. मोजण्याच्या कृतीने मोजायची वस्तूच बदलते, याचे इतके स्वस्त आणि स्वच्छ उदाहरण शालेय प्रयोगशाळेत दुसरे क्वचितच मिळेल. काट्याच्या चांगल्या मीटरचा रोध व्होल्टमागे २० हजार ओहम, म्हणजे १० व्होल्टच्या पट्ट्यावर दोन लाख ओहम. तो तर सुमारे १.३ व्होल्टवरच येईल.

दुकानात हे तपासायला एक घट आणि १ मेगओहमचा एक रोध पुरतो. आधी घट थेट मोजा, समजा १.५८ व्होल्ट आले. मग मधे रोध घालून पुन्हा मोजा. आकडा निम्मा, ०.७९ झाला तर मीटर १ मेगओहमचा. १.४४ च्या आसपास राहिला तर १० मेगओहमचा. खोक्यावर काय छापले आहे ते बघण्याची आवश्यकता नाही.

बल्ब, घट, मोटार यांच्या साध्या प्रयोगांना १ मेगओहमही भरपूर झाला. मात्र जास्त रोधाचा एक तोटाही असतो, तो वायरिंग तपासताना कळतो. कुठेही न जोडलेली तार, जिवंत तारेला लागून काही मीटर गेलेली असली, तर १० मेगओहमचा मीटर तिच्यावर पन्नास-साठ व्होल्ट दाखवू शकतो. दोन तारा मिळून एक छोटा कपॅसिटर होतो आणि त्यातून येणारा अतिसूक्ष्म प्रवाहही मीटरला पुरतो. अनुभवी वायरमन टेस्ट लँप बाळगतात त्यामागे हेच कारण आहे. दिवा त्या तारेकडे खरा प्रवाह मागतो, आणि असले भुताटकीचे व्होल्टेज त्याक्षणी नाहीसे होते.

सर्वांत धोक्याचे छिद्र

स्वस्त मीटरच्या तोंडावर तीन छिद्रे असतात. काळी पिन कायम 'कॉमन'मध्ये. लाल पिन व्होल्ट, ओहम आणि मिलिअँपिअरसाठी मधल्या छिद्रात. आणि तिसरे छिद्र '१० अँपिअर'चे. या तिसऱ्या छिद्रामागे असतो तांब्याच्या मिश्रधातूच्या जाड तारेचा एक तुकडा, सुमारे एक शतांश ओहमचा. मघाशी सांगितलेला लहान ज्ञात रोध तो हाच. पुष्कळ स्वस्त मीटरमध्ये त्याच्या वाटेत फ्यूज नसतो. छिद्राजवळ बारीक अक्षरात तसे छापलेलेही असते.

आता असे समजा की कुणी दुपारी मोटारीचा प्रवाह मोजला आणि लाल पिन त्याच छिद्रात राहिली. संध्याकाळी दुसऱ्या कुणी बटण ७५० व्होल्टवर फिरवले आणि दोन्ही टोके भिंतीवरच्या सॉकेटमध्ये घातली. बटणाचा इथे काही उपयोग नाही, पिन कुठे आहे ते महत्त्वाचे. फेज आणि न्यूट्रल एक शतांश ओहमच्या तारेने जोडले गेले. घराच्या वायरिंगचा आणि मीटरच्या वायरींचा मिळून रोध अर्धा ओहम धरला तरी २३० भागिले ०.५, म्हणजे ४६० अँपिअर. त्या परिपथात क्षणभर का होईना शंभर किलोवॅटहून अधिक शक्ती खर्च होते. एमसीबी पडेल, पण तोपर्यंत पिनांची टोके वितळून ठिणग्या उडालेल्या असतात, आणि त्या पिना कुणाच्या तरी हातात असतात.

हा अपघात अडाणी माणसाचा नव्हे. मीटर रोज वापरणाऱ्या माणसाकडून तो होऊ शकतो, कारण सवय हात चालवते. म्हणूनच काही उत्पादकांनी यावर यांत्रिक उपाय काढले. काही मीटरमध्ये बटण व्होल्टवर फिरवले की प्रवाहाच्या छिद्रावर आतून पडदा सरकतो, पिन तिथे असेल तर बटणच फिरत नाही. काही मीटर अशा वेळी किंचाळतात. ही सोय असलेला मीटर मिळाला आणि परवडला तर जरूर घ्यावा.

छोट्या पेटीसाठी आमची शिफारस याहून सोपी आहे : ज्याला मोठ्या प्रवाहाचे छिद्रच नाही असा मीटर घ्या. खिशात मावणाऱ्या काही मीटरच्या वायरी कायमच्या जोडलेल्या असतात आणि त्यात प्रवाहाचा पट्टा नसतो. दुकानदार ही उणीव म्हणून सांगेल. आम्हाला तो गुण वाटतो.

मग प्रवाह मोजायचा कसा? मीटर आतल्या आत जे करतो ते आपण बाहेर करायचे. एक टक्का अचूकतेचा १ ओहमचा रोध परिपथात एकसरीत घाला आणि त्याच्या दोन पायांवर पिना टेकवून मिलिव्होल्ट मोजा. जितके मिलिव्होल्ट तितके मिलिअँपिअर, भागाकारही करावा लागत नाही. पाव वॉटचा रोध अर्ध्या अँपिअरपर्यंत चालतो, टॉर्चच्या बल्बला तो पुरेसा आहे. काही चुकले तर काही पैशांचा रोध जळेल, मीटर नाही. पिना मात्र रोधाच्या अगदी बुडाशी टेकवाव्यात, नाहीतर जोडांचा रोध त्यात मिसळतो. ओहमचा नियम शिकवून झाल्यावर तो वापरून दाखवायला याहून चांगली संधी नाही.

शिवाय, अँमीटरमुळे परिपथ बदलतो हेही मुलांना यातून दिसते. १.५ व्होल्टचा घट आणि १० ओहमचा रोध : हिशेबाने १५० मिलिअँपिअर. एक ओहम मधे घातल्यावर १३६. मिलिअँपिअरच्या पट्ट्यावर लावलेला मीटरही हेच करतो, त्यात त्याच्या फ्यूजचा आणि वायरींचा रोध आणखी मिळवायचा. 'सर, उत्तर नऊ टक्क्यांनी कमी का आले?' याचे उत्तर प्रयोग चुकला असे नसून मीटरचा रोध असे असते.

फ्यूज, वायरी आणि 'कॅट'

मिलिअँपिअरच्या छिद्रामागे बहुधा फ्यूज असतो. शाळेत तो जाण्याचे नेहमीचे निमित्त म्हणजे एखादा उत्साही विद्यार्थी 'घटात किती प्रवाह आहे' हे पाहायला पिना थेट घटाला लावतो. अल्कलाइन घट अशा वेळी काही अँपिअर सहज देतो आणि २०० मिलिअँपिअरचा फ्यूज उडतो. यात बिघडले काहीच नाही, फ्यूजने आपले काम केले. बिघडते ते पुढे, जेव्हा नवा फ्यूज आणायचा कंटाळा करून तिथे तारेचा धागा किंवा सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद बसवला जातो. फ्यूज ज्या पेटीत मीटर आहे त्याच पेटीत पाच-सहा जास्तीचे ठेवावेत.

फ्यूजचे दोन प्रकार झाकण उघडल्याबरोबर ओळखू येतात. काचेच्या नळीतला फ्यूज लहान प्रवाहाला ठीक. प्रचंड प्रवाह आला की त्यातली तार वितळते खरी, पण वितळलेल्या जागी वायूतून ठिणगीची कमान चालू राहू शकते. पांढऱ्या चिनीमातीच्या नळीत वाळू भरलेली असते. कमान निघाली की वाळू वितळून तिची उष्णता शोषते आणि ती विझवते. महाग मीटरमधले १००० व्होल्टचे फ्यूज असे असतात, आणि त्यांचीच किंमत कधी कधी एका स्वस्त मीटरइतकी भरते. मीटर महाग का, याचे हे एक प्रामाणिक उत्तर.

मीटरवर 'कॅट दोन, ६०० व्होल्ट' किंवा 'कॅट तीन, ६०० व्होल्ट' असे लिहिलेले असते. त्यातला व्होल्टचा आकडा सगळे पाहतात, 'कॅट' कुणी पाहत नाही. आयईसी ६१०१० या आंतरराष्ट्रीय मानकातली ही वर्गवारी आहे. सॉकेटमध्ये पिन घालून चालणारी उपकरणे म्हणजे कॅट दोन. इमारतीचे पक्के वायरिंग आणि वितरण पेटी म्हणजे कॅट तीन. खांबावरून घरात येणारी तार, वीजमीटर आणि त्याअलीकडचे सारे कॅट चार. वळिवाच्या पावसात वीज कडाडते किंवा जवळची मोठी मोटार बंद होते, तेव्हा तारांमधून हजारो व्होल्टची लाट क्षणभर धावून जाते. उगमाच्या जितके जवळ, तितकी तिच्यामागची ताकद मोठी, कारण वाटेतल्या तारांचा रोध कमी.

हे हिशेबाने पाहा. 'कॅट दोन, १००० व्होल्ट'च्या मीटरची परीक्षा ६००० व्होल्टच्या लाटेने होते, पण १२ ओहमच्या रोधामागून, म्हणजे जास्तीत जास्त ५०० अँपिअर. 'कॅट तीन, ६०० व्होल्ट'च्या मीटरलाही ६००० व्होल्टच, मात्र फक्त २ ओहममागून, म्हणजे ३००० अँपिअर. तेव्हा ज्याच्यावर १००० लिहिले आहे तो मीटर ६०० लिहिलेल्यापेक्षा कमकुवत असू शकतो.

अर्थात लिहिणे सोपे असते. दोनशे रुपयांच्या मीटरवरही १००० व्होल्ट छापलेले आढळते. त्यामुळे दहा मीटर घ्यायचे असतील तर आधी एकच घ्यावा, घरी आणून बॅटरी काढावी आणि झाकण उघडावे. फ्यूज काचेचा आहे की चिनीमातीचा? व्होल्टच्या छिद्राजवळ काळे किंवा निळे चकतीसारखे भाग, म्हणजे व्होल्टेजची लाट स्वतःवर घेणारे व्हॅरिस्टर, बसवले आहेत, की त्यांच्या जागा छापून रिकाम्या सोडल्या आहेत? जास्त व्होल्टेजच्या पट्ट्यांमध्ये पुरेसे अंतर किंवा कापलेली फट आहे का? रिकाम्या जागा दिसल्या तर तो मीटर वाईट नव्हे. तो घट, बॅटरी आणि १२ व्होल्टच्या कामांचा मीटर आहे, आणि त्या कामासाठी तो उत्तम आहे. त्यावर रंगाने '५० व्होल्टपेक्षा जास्त नाही' असे ठळक लिहावे आणि तो निर्धास्तपणे विद्यार्थ्यांच्या हाती द्यावा.

घरातली २३० व्होल्टची वीज तपासायचा मीटर वेगळा ठेवावा, निदान कॅट तीनचा, आणि तो फक्त शिक्षकांच्या हाती असावा. लक्षात घ्या, २३० ही सरासरीची एक रीत झाली. त्या लहरीचे शिखर ३२५ व्होल्टला असते. पंपाच्या स्टार्टरमध्ये दोन फेजमध्ये ४१५ व्होल्ट असतात, आणि तिथे छोटा मीटर घेऊन जाऊच नये. ते काम परवानाधारक वायरमनचे. नाही म्हणायला संकोच वाटतो, हे खरे.

वायरींबद्दल थोडक्यात. पिनच्या मुठीला बोट पुढे घसरू नये म्हणून कडा हवी. मीटरमध्ये जाणाऱ्या टोकावर प्लॅस्टिकचे आवरण हवे, धातू उघडा नको. वायरीवरही कॅट आणि व्होल्ट छापलेले असावेत. स्वस्त मीटरच्या वायरी थंडीत ताठ होतात आणि मुठीपाशी तुटतात. मीटर बिघडला असे समजून बाजूला ठेवलेल्यांपैकी बरेच केवळ वायर तुटलेले असतात. दोन्ही पिना एकमेकींना टेकवून ओहम मोजले की एका क्षणात कळते.

जास्तीच्या सोयींपैकी आवाजाने सलगता सांगणारा बझर हवाच. पिना टेकवताच तो वाजला पाहिजे, अर्ध्या सेकंदाने नव्हे. डायोड तपासण्याची सोय उपयोगी आहे. सिलिकॉनचा चांगला डायोड ०.५ ते ०.७ व्होल्ट दाखवतो. पांढऱ्या एलईडीला सुमारे तीन व्होल्ट लागतात, त्यामुळे पुष्कळ छोट्या मीटरवर चांगली एलईडीही बिघडल्यासारखी दिसते, हे ध्यानात असावे. ट्रान्झिस्टर बसवायच्या गोल सॉकेटचा उपयोग फारसा कुणी करत नाही.

'ट्रू आरएमएस' हे शब्द मात्र समजून घेण्यासारखे आहेत. साधा मीटर प्रत्यावर्ती विजेची सरासरी काढतो आणि तिला १.११ ने गुणून दाखवतो. शुद्ध ज्या-लहरीसाठी हे बरोबर आहे. भारनियमनाच्या काळात घरोघरी आलेल्या चौकोनी लहरीच्या इन्व्हर्टरवर मात्र तो अकरा टक्के जास्त दाखवतो. २२० व्होल्ट असले तर २४४. इन्व्हर्टर बिघडला म्हणून दुरुस्तीला नेण्यापूर्वी मीटर कोणता आहे ते पाहावे. शाळेच्या पेटीला ट्रू आरएमएसची गरज सहसा पडत नाही. इन्व्हर्टर आणि मंद करायचे दिवे यांच्यावर काम करणाऱ्याला पडते.

कंपनीबद्दल आम्ही आग्रह धरणार नाही. महाराष्ट्रातच, नाशिकमध्ये, मोटवाने आणि ऋषभ इन्स्ट्रुमेंट्स यांच्यासारख्या कंपन्या विद्युतमापके बनवतात, त्यांची माहितीपत्रके मागवून वर सांगितलेल्या गोष्टी त्यात शोधाव्यात. रोध, फ्यूजचा प्रकार आणि कॅट हे तीन तपशील ज्या पत्रकात स्पष्ट लिहिलेले नाहीत, तो मीटर २३० व्होल्टच्या कामासाठी घेऊ नये.

घेतल्यानंतर

मीटर खरा दाखवतो का, हे पाहायला टीएल ४३१ नावाचा एक तीन पायांचा सुटा भाग मिळतो. किंमत थोडीच असते. त्याचे 'रेफरन्स' आणि 'कॅथोड' हे पाय एकत्र जोडून १ किलोओहमच्या रोधातून ९ व्होल्टच्या बॅटरीच्या धन टोकाला लावा आणि 'अ‍ॅनोड' ऋण टोकाला. कॅथोड आणि अ‍ॅनोड यांच्यामध्ये २.५ व्होल्टच्या अगदी जवळचे विभवांतर मिळते, बॅटरी थोडी उतरली तरी. चांगल्या प्रतीचा भाग एक टक्क्याच्या आत असतो. शाळेतले सारे मीटर त्याला लावून कोणता किती दाखवतो ते पाठीमागे चिकटवून ठेवावे. विद्यार्थ्यांकडून हे काम दरवर्षी करून घेण्यासारखे आहे.

२३० व्होल्टवर काम करताना, तार मृत आहे असे मीटरने सांगितले तरी ते एकदम मानू नये. आधी जिवंत असल्याचे ठाऊक असलेल्या सॉकेटवर मीटर लावून पाहावा, मग संशयित तारेवर, मग पुन्हा त्या सॉकेटवर. मधल्या वेळात मीटरची वायर तुटली किंवा फ्यूज गेला असेल तर तिसऱ्या पायरीला कळते. एक हात मागे ठेवायची जुन्या लोकांची सवयही चांगली आहे. प्रवाहाला एका हातातून दुसऱ्या हाताकडे छातीतून जायला वाट राहत नाही.

राहिली बॅटरी. ७१०६ जातीच्या मीटरमध्ये बॅटरी फार उतरली की प्रमाण विभवांतरच घसरते आणि मीटर प्रत्येक गोष्ट वाजवीपेक्षा जास्त दाखवू लागतो. हौदाच्या उदाहरणात ज्ञात नळाची धार बारीक झाल्यासारखे. जुना घट १.७ व्होल्ट दाखवू लागला तर घटाला नव्हे, मीटरच्या बॅटरीला दोष द्यावा. पडद्याच्या कोपऱ्यात बॅटरीचे चित्र उमटले की त्याच दिवशी ती बदलावी. बटण 'बंद'वर न नेता मीटर पेटीत टाकला जाणे फार सामान्य आहे, म्हणून आपोआप बंद होणारा मीटर मिळाला तर बरे. ९ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीपेक्षा सडपातळ पेन्सिल-सेलवर चालणारा मीटर खेड्यात सोयीचा पडतो, ते सेल किराणा दुकानातही मिळतात. आणि उन्हाळ्याच्या सुट्टीपूर्वी सगळ्या मीटरमधल्या बॅटऱ्या काढून वेगळ्या डब्यात ठेवाव्यात. दोन महिने उकाड्यात पडून राहिलेला सेल पाझरला, तर जूनमध्ये पेटी उघडताना मीटरमधल्या पितळी पट्ट्यांवर हिरवी बुरशी आल्यासारखा थर दिसतो. थोडाच असेल तर व्हिनेगर लावलेल्या कापसाने तो पुसून निघतो.